पिवळा दिवा आणि पुढची सीट

गाडी माझ्या पोराची, आणि मी एसटीनं. डोकं तिथूनच फिरलं होतं, हे आधी सांगून ठेवते.

अमोल माझा एकुलता एक. शिकला, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात साहेब झाला, अमरावतीत राहायला गेला आणि तिथल्याच एका वकिलाच्या पोरीशी, चारुताशी, लग्न केलं. पोरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिनं वाढलेलं मी खाते, वरून मागून घेते. म्हणणं आहे ते तिच्या आईबद्दल. सरोजिनीबाई, माझ्या विहीणबाई. त्या राहतात माझ्या पोराच्या घरामागच्या गल्लीत, आणि मी राहते तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यात, कपाशीच्या मधोमध. त्यांच्या घरी गॅस संपला की अमोल. त्यांचा फोन अडकला की अमोल. आणि माझ्याकडं कधी? दसरा-दिवाळीला, तेही फराळ डब्यात भरून निघायच्या घाईत.

त्या दिवशी माझ्या भावाच्या नातीचं, रागिणीचं, चांदूर बाजारला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. चांदूर बाजार माझं माहेर. तिथं माझी भावजय शालू. शालूच्या दारात आजवर तिच्या बहिणीच्या पोराची गाडी उभी राहायची, आणि शालू मला ती हात धरून दाखवायला न्यायची, जसे मला डोळेच नव्हते. म्हणून या वेळी मी तिला फोनवर सांगून ठेवलं होतं, की मी अमोलच्या गाडीत येते. पुढं बसून येते, तेही सांगितलं.

आदल्या दिवशी अमोलचा फोन आला. "माय, तू सकायच्या एसटीनं अकोल्याले ये. मी आईले डोयाच्या डॉक्टरकडे घेऊन येऊन राहिलो. तिथूनच तुले उचलतो."

उचलतो. जशी मी कपाशीचं गाठोडं.

आणि ही आई कोण, ते सांगावं लागेल. मी त्याची माय. जन्मापासून माय. आई म्हणजे सरोजिनीबाई. माझ्याशी बोलताना त्याच्या तोंडून मले-तुले येतं, तिच्याशी बोलताना मला-तुम्हाला. जीभ एकच, पण तिच्यासाठी इस्तरी केलेली. दसऱ्याला नवी गाडी दाखवायला आला होता, तेव्हा मी आत बसले होते. गाडीत टीव्हीसारखी काच असते, तिच्यावर फोन दिसतो. त्या काचेवर अक्षरं उमटली. मी दुसरीत शाळा सोडली, पण एवढं वाचता येतं. आई. मी म्हटलं, मी तर इथं बसली आहे, ही कोण बोलावून राहिली? अमोल हसला आणि बोट लावून तिच्याशी बोलत बसला, चांगला वेळ. मी खिडकीतून बाभळी मोजल्यासारखं केलं.

त्याच दसऱ्याला मी एक काम केलं. गाडीवर लिंबू-मिरची तर कोणीही बांधतं. पोळ्याला आपण बैलाच्या गळ्यात काळा गोफ बांधतो, कारण नजर खातापिताना लागते. गाडीचा गळा कुठला? तेल्हाऱ्याच्या पंपावर मी पाहून ठेवलं होतं, मागच्या बाजूला एक खिडकी आहे, तिच्यात झाकण, आणि त्याच्या खाली गळा. जिथून पिते तो गळा. सगळे जेवायला बसले तेव्हा मी अमोलच्या चाव्या घेतल्या, खिडकी उघडली, झाकण फिरवून काढलं आणि काळा गोफ गळ्याला बांधून टाकला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की त्याचा गुण जातो.

तर मी अकोल्याला उतरले. पाठीशी एसटीची धूळ, हातात रागिणीची साडी आणि तुरीच्या डाळीची पिशवी. अमोलची पांढरी गाडी आली, आणि पुढच्या सीटवर सरोजिनीबाई, डोळ्यांवर काळा चष्मा, मान टेकवून. डॉक्टरनं डोळ्यांत औषध टाकलं होतं, उजेड सहन होत नव्हता म्हणे. मला तर ती सिनेमातली बाई दिसली.

अमोलनं पिशवी घेतली, पाया पडला, आणि कानाजवळ येऊन म्हणाला, "माय, तू मांगं बसतं ना? आईले मांगं बसलं की मयमयते."

तिला मळमळतं, म्हणून मी मागं बसले. डाळीच्या पिशवीशेजारी.

सरोजिनीबाईंनी मान न वळवता प्रवास कसा झाला विचारलं. मी म्हटलं, उभ्यानं झाला, छान झाला. मग अमोल तिला विचारत राहिला, एसी कमी करू का, उन्हाचा पडदा पाडू का, तुम्ही टेकून बसा. मला त्यानं एकदा विचारलं, पाणी पेतं का. तेही आरशातून.

मूर्तिजापूर मागं पडलं. रस्ता रिकामा होता, गाडी पाण्यासारखी चालली होती. मला डुलकी लागणार तेवढ्यात अमोल एकदम म्हणाला, "अय माय."

मी पुढं झुकले. "काय रे? काय झालं?"

त्यानं मला हाक मारलीच नव्हती. तो समोर पाहत होता. स्टीअरिंगच्या मागं, काट्यांच्या खाली, एक पिवळं चित्र लागलं होतं. आपल्या विहिरीवर डिझेलचं इंजिन असायचं ना, डोकं वर, नळी एका बाजूला, अगदी तसलं. आमच्याकडं इंजिन म्हटलं की तेच.

सरोजिनीबाई चष्म्याआडून म्हणाल्या, "अमोल, पुन्हा लागला का तो?"

पुन्हा. तो एक शब्द मला दिव्यापेक्षा जास्त लागला. म्हणजे हा दिवा आधी लागला होता, तिला माहीत होतं, आणि मला नव्हतं. विचारलं तर अमोल सांगू लागला की मागच्या आठवड्यात लागला होता, अमरावतीत एका दुकानात मशीन लावून मिटवून घेतला होता, तुझ्या जिवाला उगाच घोर कशाला म्हणून सांगितलं नाही. माझ्या जिवाला घोर. तिच्या जिवाला काय, मेजवानी?

"नजर लागली," मी म्हटलं. आणि काळ्या चष्म्याकडं पाहून म्हटलं.

"विहीणबाई, यंत्राला नजर लागत नसते," सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "सेन्सर बिघडतो."

अमोलनं गाडी कडेला घेतली. त्याचं म्हणणं पडलं की अशा दिव्यावर पुढं जाऊ नये, इंजिन जळालं तर सगळंच गेलं. गाडी इथंच कोणाच्या भरवशावर ठेवू, एसटीनं अमरावती गाठू, आणि माय, तू तिथून चांदूरची एसटी धर, मी उद्या गाडीचं पाहतो.

माझ्या डोळ्यांसमोर शालू आली. मांडवाच्या तोंडाशी उभी, कमरेवर हात, आणि मी एसटीच्या थांब्यावरून डाळीची पिशवी घेऊन चालत येते आहे. शालू काही बोलणार नाही. नुसती रस्त्याकडं पाहील, गाडी कुठाय म्हणून.

"थांब," मी म्हटलं. "गाडी चालू कर, अन् तोंड बंद ठेव."

त्यानं चालू केली. मी कान लावला. विहिरीवरच्या इंजिनापाशी मी उभा जन्म काढला आहे. ते बिघडायचं तेव्हा आधी धापा टाकायचं, मग काळा धूर, मग थरथर, मग शिव्या खायचं. ही गाडी तर झोपल्या लेकरासारखी श्वास घेत होती. मी विचारलं, चढावर दम टाकते का? नाही. झटके देते का? नाही. तापली का? त्यानं काटा पाहिला, मध्यावर होता. जळका वास? नाही.

"मंग तिले ताप नाई," मी म्हटलं. "हयूहयू चाल. पुढं कोणी मिस्तरी असन."

सरोजिनीबाई म्हणाल्या की कंपनीच्या माणसालाच दाखवावं, रस्त्यावरच्या कोणालाही हात लावू देऊ नये. मी म्हटलं, तुम्ही डोळे मिटून बसा, औषध सांडंल. अमोल दोघींच्या मध्ये अडकला, पण गाडी त्यानं पुढं घेतली. एवढं माझं ऐकलं.

थोड्या अंतरावर धाब्याशेजारी एक गॅरेज लागलं. मिस्तरी पुंजाराम. पोट पुढं, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि बोलणं असं की गावातल्या सगळ्या गाड्यांची लग्नं यानंच जमवली. त्यानं दिवा पाहिला आणि आधी विचारलं, "लुकलुकते का जागच्या जागी हाये?"

अमोल म्हणाला, जागच्या जागी.

"मंग च्या प्या. लुकलुकला असता तं मी तुमाले तिथंच गाडी बंद करा म्हटलं असतं, एक हात पुढं नाई. जागच्या जागी असला की गाडी म्हणून राहिली, माह्याकडे पाह्य, सवडीनं पाह्य, पण इसरू नोको."

अमरावतीत मिटवून घेतल्याचं अमोलनं सांगितलं, तेव्हा पुंजाराम खदखदून हसला. "साहेब, ताप आला अन् तुमी थर्मामीटर झटकून ठेवला. कावून आला, कशानं आला, ते कोणं पायलं?"

मला बरं वाटलं. अमरावतीचा कोणीतरी मूर्ख ठरला.

त्यानं स्टीअरिंगच्या खाली एक वायर खोचली. दुसऱ्या टोकाला मोबाइलसारखं यंत्र. त्यावर अक्षरं आणि आकडे आले, ते इंग्रजीत. पुंजारामानं ते अमोलला दाखवलं, आणि मला माझ्या भाषेत सांगितलं. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती वाफ गाडी बाहेर सोडत नाही, आतल्या आत इंजिनाला पाजते. ती कुठून तरी निसटून राहिली आहे. यंत्र रोग सांगतं, जागा सांगत नाही. एखादी रबरी नळी चिरली असेल, एखादा वॉल्व्ह अडला असेल. पण सगळ्यात सोपं आधी पाहायचं.

"आधी टाकीचं झाकण पायतो," तो म्हणाला.

मी त्याच्या आडवी गेले.

"झाकणाले काय झालं?" मी म्हटलं. "झाकण चांगलं हाये. तू नळ्या पाह्य."

"झाकण कशाला," सरोजिनीबाई त्याच दमात म्हणाल्या. चष्मा सावरत त्या गाडीतून उतरल्यासुद्धा. "तुम्ही आधी तो सेन्सर बघा ना."

मी तिच्याकडं पाहिलं. आजवर कोणत्याच गोष्टीवर आमचं दोघींचं एकमत झालं नव्हतं. अमोलच्या लग्नातल्या वांग्याच्या भाजीवरही नाही.

पुंजारामानं खिडकी उघडली, झाकण फिरवलं. आत वाकला. मग मान वर केली, आणि त्याच्या तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"गाडीच्या गयात गंडे कोणं बांधले?"

गंडे. एक नाही. मी पुढं सरकून पाहिलं. माझा काळा गोफ होता, जसा बांधला तसा, गाठ खाली. आणि त्याच्यावर दुसरा एक दोरा, लाल-काळ्या पिळाचा, अमरावतीत अंबादेवीच्या देवळाबाहेर मिळतो तसला. त्याची शेपटी लांब सुटलेली, झाकणाच्या रबराखाली चेपून चपटी झालेली. माझ्या गोफाचंही टोक तिथंच अडकलं होतं, पण थोडं. खरंच थोडं.

अमोल माझ्याकडं पाहत होता. मी सरोजिनीबाईंकडं पाहत होते.

"यंत्राला नजर लागत नसते म्हणे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांतल्या बाहुल्या मांजरीच्या अंधारात होतात तशा मोठ्या झाल्या होत्या, आणि पाणी गळत होतं. औषधाचंच असणार. म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी बांधला. हा रोज त्या हायवेवरून जातो. घरी येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही."

"मंग गोफ दिसला असन ना? कोणाचा तरी बांधेल होता तिथं."

"दिसला म्हणूनच बांधला." त्यांनी डोळे पुसले. "बैलाच्या गळ्यातला गोफ, तुमचाच, ते कळलं मला. मी रोज त्याला डबा देते, त्याची वाट बघते, आणि त्याच्या गाडीला दोरा मात्र तुमचा. मला ते बघवलं नाही."

घ्या. म्हणजे ही बया माझ्यावर जळत होती. शेतात राहणाऱ्या माझ्यावर. मला इतकं गोड वाटलं की मी ते तोंडावर येऊ दिलं नाही.

"माहा एकटा होता तवा दिवा लागला नोयता," मी पुंजारामाला म्हटलं. "दसऱ्यापासून होता. दुसरा आला अन् लागला."

पुंजाराम शहाणा निघाला. म्हणाला, "आजी, झाकण टेकत नोयतं एवढं मी सांगतो. कोणाच्या दोऱ्यानं, ते दोऱ्यायले इचारा." त्यानं दोन्ही गाठी सोडवल्या, कापल्या नाहीत. रबर फडक्यानं पुसलं, कुठं चिरलं तर नाही म्हणून बोट फिरवलं, आणि झाकण टक टक वाजेपर्यंत आवळलं. मशीननं दिवा मिटवला. म्हणाला, आता रोग झाकणाचा असेल तर परत लागणार नाही. लागला, तर नळ्या खोलाव्या लागतील, आणि मग गाडी घरी नेऊन निवांत दाखवा, मिटवत बसू नका. आणि दोरे बांधायचेच असतील तर आरशाला बांधा, तिथं वाफ नाही.

अमोलच्या हातात दोन दोरे. एक काळा, एक लाल-काळा. तो कधी इकडं पाहतो, कधी तिकडं. कोणाचा ठेवू हे विचारायची त्याची हिंमत नव्हती.

सरोजिनीबाई हसल्या. "त्याला कशाला अडचणीत टाकता. मला तो आई म्हणतो खरा. पण मघाशी दिवा लागला, तेव्हा कोणाला हाक मारली, ऐकलंत ना?"

मी ऐकलं होतं. मला तेव्हा ते नुसतं तोंडचं बोलणं वाटलं होतं.

"दोन्ही बांधते," मी म्हटलं. "आण इकडे."

सरोजिनीबाईंच्या डोळ्यांना औषधामुळं जवळचं काही दिसत नव्हतं, गाठ मारणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. आणि मागच्या सीटवरून आरशाला हात पोचत नाही. म्हणून पुढं मी बसले, आणि त्या मागं, डाळीच्या पिशवीशेजारी. माझा गोफ वर बांधला, तिचा खाली. नीट बांधला, तिचाही, देवीचा होता. शेपट्या आखूड करून आत खोचल्या. बांधून झाल्यावर अमोल दाराशी उभा राहिला, मी उतरेन म्हणून.

मी पट्टा लावून घेतला.

"माय," तो हळूच म्हणाला, "आईले मांगं मयमयते."

"आवया सुपारी हाये माह्याजोळ," मी म्हटलं, आणि कमरेच्या पिशवीतून आवळ्याची डबी काढून मागं दिली. मान न वळवता. सरोजिनीबाईंनी घेतली. बडनेऱ्यापर्यंत त्या खिडकीची काच खाली करून, सुपारी चघळत बसल्या होत्या. एकदा मी आरशातून विचारलं, पाणी पेता का. म्हणाल्या, नको. मग म्हणाल्या, थोडं द्या.

अमरावतीत त्यांना दारात उतरवलं. अमोल त्यांना हात धरून जिन्यापर्यंत सोडून आला. मी स्टीअरिंगमागच्या काट्यांवर डोळा ठेवून बसले. दिवा लागला नव्हता.

चांदूर बाजारपर्यंत मी रस्ता पाहिलाच नाही. काट्यांखालची ती जागाच पाहत होते. एकदा ऊन पडून काहीतरी चमकलं, तर मी पट्ट्यासकट पुढं वाकले. नुसतं ऊन होतं.

मांडवापुढं गाडी थांबली. शालू तोंडाशीच उभी होती, कमरेवर हात, जशी मी मनात पाहिली होती तशी. तिनं आधी गाडी पाहिली. मग पुढची सीट पाहिली. मग चालत माझ्या दाराशी आली, आणि तोंड उघडणार तोच काचेवर अक्षरं उमटली. आई.

अमोलचं बोट पुढं आलं. मी त्याचा हात बाजूला केला आणि हिरव्यावर स्वतः बोट ठेवलं.

"अमोल, दिवा लागला का रे परत?" सरोजिनीबाईंचा आवाज गाडीभर झाला. बाहेर शालूलाही ऐकू जात असणार.

"माय बोलून राहिली," मी म्हटलं. "नाई लागला. तुमी डोये मिटून पडा आता."

आणि शालूला हातानंच खूण केली, थांब जरा, मी बोलून राहिली.